‘लायक माणसेच मिळत नाहीत’ या दाव्याविषयी

गेले काही महिने एक मजकूर मोबाइलवरून सतत फिरतो आहे. भारतात नोकऱ्यांची टंचाई नाही, नोकरीलायक माणसांची आहे, असे त्याचे सार आहे. निम्मे पदवीधर कामास अपात्र असल्याचे सरकारच सांगते. दक्षिण कोरियात ९६ टक्के आणि जर्मनीत ७५ टक्के कामगार प्रशिक्षित असताना आपल्याकडे हे प्रमाण पाच टक्केही नाही. म्हणून उत्पादकता कमी राहते, कारखाने वाढत नाहीत आणि देश मागे राहतो. तेव्हा तरुणांनी नोकऱ्या मागत बसण्याऐवजी स्वतःची कौशल्ये वाढवावीत, असा त्याचा क्रम आहे. मी वीस वर्षे आयटीआयमध्ये टर्नरचा, म्हणजे लेथ यंत्रावर धातूचे भाग घडवण्याचा, ट्रेड शिकवला. ज्या मुलांविषयी हे लिहिले जाते ती माझ्यासमोर लेथवर उभी राहिलेली आहेत. हा मजकूर ती मुलेही वाचतात आणि त्यावर विश्वास ठेवतात, म्हणून त्यातील प्रत्येक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

‘निम्मे अपात्र’ हा आकडा केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालात आहे, हे खरे. त्यात सुमारे ५१.२५ टक्के तरुण रोजगारक्षम असल्याचे म्हटले आहे. परंतु हा आकडा कोणत्याही सरकारी सर्वेक्षणातून आलेला नाही. ‘इंडिया स्किल्स रिपोर्ट’ या खाजगी अहवालातून तो उचललेला आहे आणि त्याचा आधार भाषा, अंकगणित, तर्क व संगणकज्ञान तपासणारी एक चाचणी आहे. जॉब (घडवायचा भाग) लेथवर धरता येतो का, बारीक माप घेणारा मायक्रोमीटर वाचता येतो का, मशिनचा आवाज बदलल्याचे कानाला कळते का, हे अशा चाचणीत कळत नाही. शिवाय त्याच पाहणी अहवालाने हे प्रमाण एका दशकात सुमारे ३४ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आल्याचेही नोंदवले आहे. फिरणाऱ्या मजकुरातून नेमके हेच वाक्य गळालेले आहे.

ते वाक्य महत्त्वाचे आहे, कारण लायक तरुण वाढत असतील तर टंचाईचा मूळ दावा पडताळून पाहावा लागतो, आणि ते पगारावरून करता येते. बाजारात कांद्याची टंचाई झाली की लासलगावचा भाव चढतो. लायक कामगारांची टंचाई असेल तर त्यांचा पगार चढला पाहिजे. प्रत्यक्षात २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार पगारदार पुरुषांची सरासरी मासिक मिळकत, महागाई वजा करून पाहिली तर, २०१७-१८ मधील १२,६६५ रुपयांवरून २०२३-२४ मध्ये ११,८५८ रुपयांवर उतरली. त्याच अहवालात असेही म्हटले आहे की २०२३-२४ मध्ये कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि रोजगार केवळ १.५ टक्क्याने. माल मिळत नाही अशी तक्रार करणारा ग्राहक वर्षानुवर्षे भाव वाढवायला तयार नसेल, तर त्याला माल किती निकडीने हवा आहे, हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. माहिती तंत्रज्ञानातील मोठ्या कंपन्यांत नवख्या अभियंत्याचा वार्षिक पगार दशकभराहून अधिक काळ साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळला आहे, हे पुण्यातील कोणतेही मध्यमवर्गीय घर सांगेल.

आता कोरियाचा ९६ आणि जर्मनीचा ७५ टक्के हा मुद्दा. हे आकडे २०१५ च्या राष्ट्रीय कौशल्य विकास धोरणात आहेत. तिथे भारताचा आकडा ४.६९ टक्के दिला आहे. त्यात दोन गफलती आहेत आणि दुसरी अधिक गंभीर आहे. पहिली मोजणीची. आपल्याकडील आकड्यात केवळ औपचारिक प्रशिक्षण धरले जाते. २०२२-२३ च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ ते २९ वयोगटातील ४.४ टक्के तरुणांनी औपचारिक आणि आणखी १६.६ टक्के तरुणांनी अनौपचारिक मार्गाने काम शिकलेले होते. वडिलांच्या हाताखाली तयार झालेला गवंडी आणि गॅरेजमध्ये दहा वर्षे इंजिन उघडणारा मिस्त्री यांना या तुलनेत अकुशल ठरवले जाते. त्यांच्याकडे कागद नाही एवढाच त्याचा अर्थ आहे.

दुसरी गफलत कार्यकारणाची. कोरिया आधी ९६ टक्के प्रशिक्षित झाला आणि मग श्रीमंत झाला, असे मजकूर सुचवतो. इतिहास असा नाही. पुढे कोरियासारख्याच श्रीमंत झालेल्या तैवानची साक्षरता १९६० मध्ये सुमारे ५४ टक्के होती आणि फिलिपिन्सची सुमारे ७२ टक्के. कामगारांच्या शिक्षणावरच विकास ठरत असता तर आज या दोन देशांच्या जागा अदलाबदल झालेल्या दिसल्या असत्या. ह्युंदाईने १९७२ मध्ये उल्सान येथे जहाजबांधणीचा कारखाना उभारायला घेतला तेव्हा त्या कंपनीने एकही मोठे जहाज बांधलेले नव्हते. तिने आपली माणसे स्कॉटलंडच्या स्कॉट लिथगो गोदीत शिकायला पाठवली. गोदी बांधली जात असतानाच पहिली दोन तेलवाहू जहाजे बांधायला घेतली होती, प्रत्येकी सुमारे २,६०,००० टनांची. जहाज बांधता येणारी माणसे जहाज बांधत असतानाच तयार झाली. पुढे १९७६ च्या कायद्याने कोरियाने मोठ्या उद्योगांना कामगार प्रशिक्षणाची सक्ती केली आणि जे प्रशिक्षण देणार नाहीत त्यांच्याकडून शुल्क घेतले. ९६ टक्क्यांच्या मागे हा कायदा आहे. आपल्याकडे तो आकडा तरुणांना लाजवण्यासाठी वापरला जातो; तिथे त्याची जबाबदारी कारखानदारावर टाकलेली होती.

‘कामगारांचा दर्जा कमी म्हणून उत्पादकता कमी’ हे विधान मला सर्वांत अन्यायाचे वाटते, आणि त्याची परीक्षा आपल्याच अंगणात होऊन गेली आहे. २००८ पासून निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी मुंबईच्या उत्तरेला तारापूर व उंबरगाव परिसरातील कापड विणणाऱ्या कारखान्यांत एक प्रयोग केला. काही कारखान्यांना पाच महिने व्यावसायिक सल्लागार मोफत देण्यात आले. उरलेल्यांत केवळ प्राथमिक पाहणी झाली. सल्लागारांनी सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या: माग कधी व का बंद पडला याची नोंद ठेवणे, कापडातील दोष रोज लिहून त्यावर बैठक घेणे, सुताचा साठा मोजून लावणे, फरशीवरचा पसारा हटवणे. त्या कारखान्यांची उत्पादकता पहिल्याच वर्षी सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. हा शोधनिबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. माग तेच होते आणि ते चालवणारे हातही तेच. बदलली ती कारखाना चालवण्याची पद्धत. मालकांनी हे आधी का केले नव्हते, याचा शोध घेतला तेव्हा काहींना या पद्धती माहीत नव्हत्या आणि काहींना त्यांचा उपयोग पटलेला नव्हता, असे आढळले. कुटुंबाबाहेरच्या व्यवस्थापकावर विश्वास टाकायला मालक तयार नसल्यामुळे घरात कर्ती पुरुष मंडळी किती, यावर कारखान्याचा आकार ठरत होता. आपल्या उद्योगाच्या वाढीला आवर घालणारे एवढे मोठे कारण समोर असताना बोट मात्र मागावरच्या माणसाकडे दाखवले जाते.

हा आरोप नवाही नाही. १९२० च्या दशकात जपानी कापडापुढे मुंबईच्या गिरण्या मागे पडू लागल्या तेव्हाही गिरणी कामगाराच्या अकार्यक्षमतेची चर्चा जोरात होती. जपानी गिरण्यांनी सूत कातण्याच्या नव्या रिंग चात्या लवकर स्वीकारल्या होत्या, वेगवेगळ्या प्रतीचा कापूस मिसळण्याचे तंत्र साधले होते आणि यंत्रे दोन पाळ्यांत चालवली होती. त्या रात्रपाळ्यांत राबणाऱ्या तरुण मुलींचे हाल झाले, ती त्या यशाची किंमत होती आणि तिचे समर्थन करता येणार नाही. पण यंत्र, कच्चा माल आणि पाळी यांचे निर्णय कामगार घेत नसतो, हे त्या तुलनेतून स्पष्ट दिसते. मुंबईत रत्नागिरी-साताऱ्याहून आलेला बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राहायचा आणि आज काम आहे की नाही ते जॉबर, म्हणजे कामगार नेमणारा मुकादम, ठरवायचा. उद्या येईल की नाही याची खात्री नसलेल्या माणसाला कोण शिकवणार, आणि त्याने तरी कशासाठी शिकावे?

आज बदलीची जागा कंत्राटाने घेतली आहे. या शतकाच्या सुरुवातीला संघटित कारखान्यांतील साधारण पाचवा हिस्सा कामगार कंत्राटी होते; उद्योगांच्या वार्षिक पाहणीनुसार आता ते प्रमाण ४० टक्क्यांच्या वर आहे. माझा एक विद्यार्थी, हाताने अत्यंत नेटका, तीन वेगवेगळ्या कारखान्यांत अकरा-अकरा महिने राहिला. तिन्ही ठिकाणी त्याला एकच काम मिळाले: संगणकाने चालणाऱ्या सीएनसी मशिनमध्ये जॉब लावणे, दार बंद करणे, बटण दाबणे. मशिनचे सेटिंग शिकवा म्हटले तर ‘तू जाणार आहेस’ असे उत्तर मिळाले. जागतिक बँकेच्या उद्योग सर्वेक्षणात २०१४ मध्ये भारतातील सुमारे ३६ टक्के उद्योगांनी आपण कामगारांना औपचारिक प्रशिक्षण देतो असे सांगितले. चीनमध्ये २०१२ च्या पाहणीत तेच प्रमाण सुमारे ७९ टक्के होते. कोरिया आणि जर्मनीची आठवण काढणाऱ्यांनी ही तुलनाही मजकुरात घालायला हवी होती.

जिथे कोणी खरोखर मोठ्या संख्येने माणसे घ्यायचे ठरवते तिथे ‘लायकी’ची अडचण किती लवकर सुटते, हे चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला दिसते. तिथे आयफोन जुळवणाऱ्या हजारो मुली तमिळनाडूच्या खेड्यांतून आलेल्या आहेत. त्यांनी आयफोन जुळवण्याची पदवी घेतलेली नव्हती. काम होते, म्हणून ते शिकवले गेले.

नोकऱ्या भरपूर आहेत, या गृहीतकाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. महाराष्ट्रात २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांहून थोड्या अधिक जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ पदांसाठी साडेसतरा लाखांवर. मुलांना सरकारी नोकरीचे वेड लागले आहे, असे यावर सांगितले जाते. अकरा महिन्यांचे कंत्राट आणि वर पाहिलेली मिळकत हा दुसरा पर्याय असेल, तर त्या ओढीला मी वेड म्हणणार नाही.

पदवीधर तरुणांतील बेकारी २९.१ टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांची ३.४ टक्के, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या अहवालातील २०२२ चे आकडेही या मजकुरात पदव्यांच्या निरुपयोगीपणाचा पुरावा म्हणून येतात. निरक्षर माणूस बेकार नाही, कारण बेकार राहणे त्याला परवडत नाही. तो मिळेल त्या मजुरीला लेबर नाक्यावर उभा राहतो. त्याचे कौशल्य पदवीधरापेक्षा अधिक आहे, असा अर्थ त्यातून कोणी काढणार नाही. मग उलट निष्कर्ष पदवीधरावर का लादायचा? २०२३-२४ मध्ये देशातील ४६.१ टक्के कामकरी माणसे शेतीत होती, तर देशाच्या एकूण मूल्यवर्धनात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास होता. २०१८-१९ मध्ये शेतीतील हे प्रमाण ४२.५ टक्के होते. म्हणजे माणसे शेतीकडे परत गेली. चार-पाच वर्षांत त्यांची बुद्धी किंवा त्यांचे हात बिघडलेले नाहीत. बाहेर त्यांना घेणारी जागा नव्हती.

या दाव्यात सत्याचा एक अंश आहे आणि तो मी लपवणार नाही. मुलांचे वाचन व गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या केवळ ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. माझ्या वर्गात दशांश चिन्हाची धास्ती घेतलेली मुले येत, आणि मिलिमीटरचा शतांश मोजायचा असताना ती धास्ती फार महाग पडते. शाळेत किती वर्षे घालवली यापेक्षा मूल प्रत्यक्ष काय शिकले याचा देशाच्या वाढीशी अधिक घट्ट संबंध आहे, हे अनेक देशांच्या अभ्यासांतून दिसलेले आहे. म्हणून श्रमाच्या गुणवत्तेची चिंता वाहणाऱ्यांनी ती अंगणवाडीत आणि दुसरीच्या वर्गात वाहावी. तिथे झालेले नुकसान बाविसाव्या वर्षी तीन महिन्यांच्या प्रमाणपत्राने भरून निघत नाही, आणि त्या नुकसानीचा दोष बावीस वर्षांच्या मुलाचा तर नाहीच.

राहिला शेवटचा सल्ला, तरुणांनी स्वतःच कौशल्ये वाढवावीत हा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत एक कोटीहून अधिक तरुणांनी प्रशिक्षण घेतले, म्हणजे हा सल्ला त्यांनी आधीच मानलेला आहे. अल्पमुदतीच्या प्रशिक्षणानंतर निम्म्यांनाही नोकरी लागली नाही. टर्नर पुस्तकाने किंवा मोबाइलवरच्या चित्रफितीने तयार होत नाही. त्याला मशिन लागते, चालू उत्पादन लागते, चुकलेला जॉब हातात घेऊन चूक दाखवणारा जुना कामगार लागतो, आणि या तिन्ही गोष्टी कारखान्याच्या आत असतात. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा त्यासाठीच आहे. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके अप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे. माझ्या त्या विद्यार्थ्याला सेटिंग अखेर इतर कारखान्यांची कामे करून देणाऱ्या एका लहान जॉबवर्क शेडमध्ये शिकायला मिळाले. त्या शेडमध्ये सातच माणसे काम करतात, त्यामुळे कायद्याने तिच्या मालकावर कोणालाही शिकवण्याचे बंधन नव्हते.