करार मोडणाऱ्याचं मन मोडू नका

समोरच्याने करार मोडला? अभिनंदन. आता तुमच्या बाजूने 1872 चा करार कायदा उभा आहे, करार पाळायला लावणारा 1963 चा स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट उभा आहे, गरज पडली तर ग्राहक आयोगही आहे. एवढी हत्यारं हाताशी असताना ती म्यानातच कशी गंजवायची, हे आम्ही नुकतंच आमच्या इमारतीत शिकलो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग 31 मेच्या आत पुरं करून देतो, मुदत हा कराराचा गाभा आहे, असं स्टॅम्पपेपरवर लिहून देणाऱ्या सद्गृहस्थांनी जुना कोबा फोडला, राडारोडा पाण्याच्या टाकीखाली रचला आणि उचल घेऊन ते अंतर्धान पावले. मी सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. पुढचं सांगायला नको.

तर काही सूचना.

शक्यतो काही लेखी करूच नका. तोंडी करारही कायद्याला चालतो. सिद्ध करताना तोंडाला फेस येतो, इतकंच.

लेखी केलंच, तर आपलं काय काय बुडू शकतं हे समोरच्याला मुळीच सांगू नका. करार कायद्याच्या कलम 73 प्रमाणे भरपाई मिळते ती करार मोडल्यावर साहजिकपणे होणाऱ्या नुकसानीची, किंवा असं नुकसान होईल हे करार करतानाच दोघांना ठाऊक असेल तर त्याची. दूरच्या नुकसानीला कायदा हात लावत नाही. 1854 साली इंग्लंडमध्ये एका गिरणीवाल्याचा हाच पोपट झाला. इंजिनाचा दांडा मोडला, वाहतूकदाराने तो पोचवायला उशीर केला, तोवर गिरणी बंद. बुडालेला नफा मागितला तर कोर्ट म्हणालं, या दांड्यावाचून गिरणी अडलीय हे वाहतूकदाराला कुठे माहीत होतं? तेव्हा गच्चीखाली तुमचे संगणक आहेत, त्यावर तुमचं पोट आहे, असलं काही करारात घालून बिचाऱ्याला काळजीत टाकू नका.

गळती लागली की बादलीही लावू नका, छत कोसळेपर्यंत थांबा. नुकसान आटोक्यात ठेवायची साधनं हाताशी असताना तुम्ही काय केलंत, हे कोर्ट विचारणारच आहे. तेव्हा सांगायला काहीतरी हवं ना!

'उशीर झाल्यास दर दिवसाला अमुक इतका दंड' हे कलम मात्र जरूर घाला. वाचायला छान वाटतं. कलम 74 प्रमाणे तो आकडा ही कमाल मर्यादा असते, आणि त्याच्या आत कोर्टाला वाजवी वाटेल तेवढंच मिळतं. म्हणून आकडा लिहून झाला की खर्चाच्या पावत्या रद्दीत टाका.

अर्धवट काम दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च पहिल्याकडून वसूल करायचीही सोय आहे. 2018 च्या दुरुस्तीनंतर तर ती कायद्यातच लिहून ठेवलीय. दुसऱ्याला काम देण्याआधी फक्त पहिल्याला किमान 30 दिवसांची लेखी नोटीस द्यायची. ही नोटीस 1 जूनला धाडू नका. सभा बोलवा. सभेत उपसमिती नेमा. पाऊस वाट बघेल.

आता मुख्य सूचना, आणि ही आमच्या कमिटीने तंतोतंत पाळली. काम उशिरा का होईना सुरू झालं, की हात जोडून ते पदरात घ्या आणि तोंडातून चकार शब्द काढू नका. कारण कलम 55. मुदत हा गाभा असलेल्या करारात मुदतीनंतरचं काम तुम्ही स्वीकारलंत, तर उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागायचा हक्क जातो. एकच पळवाट आहे. काम स्वीकारतानाच 'आम्ही भरपाई मागणार आहोत' अशी सूचना द्यावी लागते. नंतर नाही, त्याच वेळी. जुलैच्या मध्यावर गृहस्थ उगवले, मागे दोन मजूर आणि एक घमेलं. मी नेमक्या याच मजकुराची चार ओळींची चिठ्ठी टाइप करून तयार ठेवली होती, खाली सहीसाठी जागा सोडून. करार सोसायटीच्या नावाने, म्हणून सही अध्यक्षांची हवी. अध्यक्षांनी चिठ्ठी वाचली, तिची घडी घातली, शर्टाच्या खिशात सरकवली आणि म्हणाले, "आलेत ना बिचारे, आता कशाला वाकडं घ्यायचं?"

बिचारे! माझ्या छताचं प्लास्टर पोपडे धरून खाली येतंय आणि बिचारे ते! चार ओळी, एक सही, फुकटचं काम. तेवढ्यासाठी कुणाचं घर उन्हात बांधलं जाणार होतं? सेक्रेटरींचं म्हणणं असं की सही मागितली तर ते चिडून निघून जातील. ते पुढचा हप्ता घेऊन तसेही गेले. न चिडता गेले, हसत गेले, घमेलं तेवढं विसरून गेले. त्यावर कमिटी मला काय म्हणाली? "तुम्ही फार कायद्यावर बोट ठेवता."

असो. मुदतीची घाई करू नका. करार मोडल्यापासून दाव्याला 3 वर्षं असतात, ग्राहक तक्रारीला 2. 'बसून मिटवू' म्हणत बसलात तरी घड्याळ थांबत नाही.

आणि जिंकलात, तर खरी मजा पुढेच आहे. भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हाती पडल्यावर सुरू होतात, असं इंग्रजी अमदानीतलं लंडनचं सर्वोच्च अपील कोर्ट, म्हणजे प्रिव्ही कौन्सिल, यांनी 1872 मध्येच म्हणून ठेवलंय. करार कायदाही त्याच वर्षीचा, म्हणजे औषध आणि त्याच्या गुणाची साक्ष बरोबरच आली. दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, सहा महिन्यांत निकाली काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बजावलं. तेवढ्यात प्रतिवादीची गाडी मेहुण्याच्या नावावर सहज होते.

पण कोर्टाच्या नावाने खडे फोडायचा हक्क तुम्हाला नाही. तुम्ही कोर्टापर्यंत जाताच कुठे? चार ओळींच्या चिठ्ठीवर सही करताना तुमचा हात थरथरतो. पोचपावतीसह नोटीस पाठवायला खर्च किती येतो, ठाऊक आहे? तो तुम्हाला जड जातो, आणि काम न बघता हप्ता देताना मात्र चेक चटकन फाडला जातो. करार मोडणारे कायदा वाचून धीट होत नाहीत हो, तुम्हाला वाचून होतात. याचं घर गळतंय ना, आपलं नाही ना, मग समजूतदारपणा दाखवायला काय जातं! स्वतःच्या पैशावर समजूतदारपणा करा, हवा तेवढा करा. दुसऱ्याच्या छताखाली उभं राहून "जाऊ द्या हो" म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? नोटिशीचा मसुदा वकिलांनी लिहून दिलाय, सोसायटीच्या ऑफिसात टेबलावर पडलाय. सही करायची नसेल तर तसं लेखी द्या.