टाइटहेडला बाहेर का बसवलं? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. रग्बी युनियनच्या (पंधरा जणांच्या रग्बीच्या) क्लबने रग्बी लीगच्या (तेरा जणांच्या रग्बीच्या) क्लबशी लीगच्या नियमांनी खेळायचं ठरवलं, तयारीला तीन आठवडे आहेत, तर तेरा जण कोणते घ्यावेत, यावर मी लिहिलं होतं. त्यावर आपण पाच आक्षेप घेतलेत. स्क्रमचा (दोन्ही संघांचे फॉरवर्ड, म्हणजे पुढचे जड खेळाडू, वाकून एकमेकांना ढकलतात त्याचा) कणा असलेल्या टाइटहेड प्रॉपला (पहिल्या रांगेतल्या उजव्या खेळाडूला) बाहेर बसवणं हा युनियनचाच अपमान आहे. लीगमध्ये फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड) ही जागाच नाही, तरी मी चार फ्लँकर घेतले. युनियनचं बाथ १९९६ मध्ये लीगच्या विगनकडून हरलं ते थकव्यामुळे, निवडीमुळे नाही. ब्रॅड थॉर्नसारखा लीगचा फॉरवर्ड युनियनमध्ये उत्तम लॉक (स्क्रमच्या दुसऱ्या रांगेतला उंच फॉरवर्ड) झाला, मग मी लॉक का टाळतो? आणि युनियनचा हुकर (पहिल्या रांगेतला मधला) लीगच्या हुकरच्या जागी ठेवणं ही ढोबळ चूक आहे. यातला शेवटचा आक्षेप पूर्ण बरोबर आहे, त्याकडे येतोच. बाकीच्यांवर माझं मत का बदललं नाही ते सांगतो.

आधी थकव्याचं. आपण म्हणता त्यात तथ्य आहे. ४ मे १९९६ रोजी बाथने लेस्टरविरुद्ध कपची अंतिम लढत १६–१५ अशी जेमतेम जिंकली आणि चौथ्याच दिवशी, ८ मेला, मँचेस्टरच्या मेन रोडवर लीगच्या नियमांनी विगनसमोर ते उभे राहिले. त्यांचा हंगाम संपत आला होता. विगनची सुपर लीग मार्चअखेरीस नुकती सुरू झाली होती. विगन ८२, बाथ ६. पण दोन आठवड्यांनी, २५ मेला, ट्विकेनहॅमवर युनियनच्या नियमांनी बाथने ४४–१९ असा विजय मिळवला. हंगामाचा थकवा पंधरा दिवसांत एवढा उतरत नाही. त्याहून स्पष्ट उदाहरण २००३ चं आहे. युनियनचं सेल आणि लीगचं सेंट हेलेन्स यांनी नोझली रोडवर पूर्वार्ध युनियनचा आणि उत्तरार्ध लीगचा असा सामना खेळला. मध्यंतराला सेलकडे ४१–० आघाडी होती, शेवटी निकाल ४१–३९. पूर्वार्धात सेंट हेलेन्सचं कुणी दमलेलं नव्हतं, तरी ४१ गुण गेले. त्याच संध्याकाळी, त्याच मैदानावर नियम बदलले आणि पारडं उलटं फिरलं. थकव्याने फरक वाढतो, पण तो मुळात पडतो कशामुळे, हे निवड करणाऱ्याने शोधायला हवं.

माझ्या मते तो पडतो दोन टॅकलच्या (चेंडूवाल्याला पकडून पाडण्याच्या) मधल्या वेळात. युनियनमध्ये रक (पडलेल्या चेंडूवर दोन्हीकडच्यांची उभ्याने झटापट) झाला की बचाव करणाऱ्यांची ऑफसाइड रेषा (जिच्या मागे थांबावं लागतं ती) रकमधल्या त्यांच्याच शेवटच्या खेळाडूच्या पायाशी असते. दोन पावलं सरकलं की माणूस जागेवर. लीगमध्ये प्रत्येक टॅकलनंतर, समोर उभे राहणारे दोन मार्कर सोडले, तर सगळ्यांना १० मीटर मागे जावं लागतं आणि चेंडू खेळला जाताच वळून पुढे यावं लागतं. चेंडू एका संघाकडे सहा टॅकलपुरताच राहतो; सहा टॅकलच्या अशा एका सेटमध्ये हे पाच वेळा होतं. आता हिशेब करा. ताजी बचावफळी दर वेळी ५ मीटर पुढे आली तर समोरच्याला ५ मीटर मिळतात. दमलेली फळी २ मीटरच आली तर ८ मिळतात. एका माणसाच्या बाबतीत ३ मीटर क्षुल्लक वाटतात, पण पाच टॅकलमध्ये ते १५ मीटर होतात. सेटच्या शेवटची किक १५ मीटर पुढून येते, आपला पुढचा सेट आपल्या गोलरेषेजवळून सुरू होतो, आणि हे चक्र वाढतच जातं. मोठ्या फरकाचे पराभव असे थेंबाथेंबाने घडतात.

आता टाइटहेड. त्याची ताकद स्क्रममध्ये आहे, मानेत, खांद्यात आणि पाठीत. आजच्या लीगमध्ये स्क्रम केवळ खेळ पुन्हा सुरू करण्यापुरता असतो. ज्याच्या हातात चेंडू टाकण्याचा हक्क, त्याच्याकडेच तो येतो. खरी ढकलाढकली होत नाही. लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकणं, तिथे प्रॉप उडी मारणाऱ्याला उचलतो) तर लीगने १८९७ मध्येच काढून टाकला. म्हणजे १२० किलोच्या माणसाची सर्वांत मौल्यवान दोन कामं लीगमध्ये उरलीच नाहीत, आणि उरलं ते त्याला सर्वांत जड जाणारं काम, म्हणजे ती १० मीटरची ये-जा. त्याला बाहेर ठेवण्यात अपमान नाही. ज्या कामासाठी तो वर्षानुवर्षं घडला, ते काम त्या दिवशी मैदानावर नाही, एवढंच.

‘स्क्रम हाच निर्णायक’ असं आपण लिहिलंत, तेव्हा युद्धकाळातले दोन सामने आठवले. १९४३ मध्ये हेडिंग्लीला आणि १९४४ मध्ये ब्रॅडफर्डच्या ऑड्सलला सैन्यातल्या लीग खेळाडूंचा संघ युनियनच्या संघाशी युनियनच्याच नियमांनी, पंधरा-पंधरा जणांचा सामना खेळला आणि दोन्ही वेळा जिंकला, १८–११ आणि १५–१०. तेव्हा लीगमध्येही स्क्रम खरा होता, त्यामुळे त्यांचे फॉरवर्ड त्यात कच्चे नव्हते. १९९६ चं विगन मात्र त्यात कच्चं होतं. म्हणून युनियनच्या नियमांनी खेळताना स्क्रमबद्दल मी आपल्याशी सहमत आहे, फक्त तेवढ्याच भागापुरता.

फ्लँकरबद्दल आपलं वाक्य नेमकं आहे: १९०६ मध्ये लीगने पंधराचे तेरा केले ते याच दोन जागा काढून. पण जागा गेली म्हणून तो माणूस निरुपयोगी होत नाही. १०० ते ११० किलो वजन, टॅकल करून लगेच उठण्याची सवय, ऐंशी मिनिटं न थांबता कामाला भिडणं, हे गुण युनियनमध्ये सर्वांत जास्त फ्लँकर आणि नंबर ८ (स्क्रमच्या मागच्या टोकाचा फॉरवर्ड) यांच्यात सापडतात, आणि लीगच्या हुकर सोडून बाकी पाचही फॉरवर्डकडून नेमकं हेच मागितलं जातं. म्हणून माझ्या यादीत नंबर ८ आणि जड ब्लाइंडसाइड (मैदानाच्या अरुंद बाजूचा) फ्लँकर हे प्रॉपच्या जागी, ओपनसाइड (मोकळ्या बाजूचा) फ्लँकर लूज फॉरवर्ड (लीगच्या स्क्रममधला सर्वांत मागचा) म्हणून, आणि थेट घुसणारा इनसाइड सेंटर (मागच्या फळीतला मधला खेळाडू) सेकंड रोमध्ये, म्हणजे दुसऱ्या रांगेत आहेत. उलट दिशेचा पुरावाही आहे. सॅम बर्जेस लीगमधून आला तेव्हा बाथने त्याला मुख्यतः ब्लाइंडसाइड फ्लँकर म्हणून वापरलं आणि इंग्लंडने २०१५ च्या विश्वचषकात इनसाइड सेंटर म्हणून. लीगचा फॉरवर्ड युनियनच्या नेमक्या याच दोन जागांच्या मध्ये कुठेतरी बसतो.

पण फ्लँकर घेतले की काम संपत नाही, आणि हे मूळ लेखात मी फार थोडक्यात उरकलं होतं. फ्लँकरच्या सवयीच त्याच्या शत्रू ठरतात. युनियनमध्ये तो घोट्यापाशी किंवा मांडीखाली झेपावून माणूस पटकन पाडतो, उसळी मारून उठतो आणि जमिनीवरच्या चेंडूवर हात घालतो. कबड्डीचा कोपरारक्षक घोट्याची पकड घेतो तसंच. लीगमध्ये हे तिन्ही भाग उलटतात. माणूस पटकन पडला की पटकन उठतो आणि चेंडू खेळतो; आपली फळी १० मीटर मागे पोचलेलीच नसते. त्यामुळे तिथे दोघा-तिघांनी मिळून पकडायचं असतं: पहिला छातीवर, चेंडूसकट हात आवळून, दुसरा बाजूने, कमरेशी, तिसरा आलाच तर पाय. माणूस पाठीवर किंवा कुशीवर पडला पाहिजे, कारण पोटावर पडलेला लगेच उठतो. दोघांनी पकडलेलं असताना चेंडू हिसकावला तर पेनल्टी. एकट्याने पकडलेलं असेल तरच तो काढून घेता येतो. पेनल्टी म्हणजे समोरच्याला नवे सहा टॅकल. दमलेल्या संघासाठी याहून महाग चूक नाही.

चेंडू आपल्याकडे असतानाही तीच गत. युनियनचा खेळाडू पडला की सवयीने हात लांब करून चेंडू मागे ठेवतो आणि सोडतो. लीगमध्ये चेंडू हातात ठेवून उठायचं, तोंड समोरच्या गोलरेषेकडे करायचं, चेंडू जमिनीला टेकवायचा आणि पायाने मागे सारायचा. घाईत पाय लागण्याआधीच चेंडू सुटतो आणि सेट वाया जातो. मदतीला आलेले दोघे सवयीने पुढच्या टॅकलरला बाजूला लोटायला धावतात. इथे तो अडथळा ठरतो, आणि मुख्य म्हणजे ते दोघे पुढच्या चढाईसाठी मागे खोलीवर उपलब्धच राहत नाहीत. तीन आठवड्यांत नऊ सराव मिळाले तर त्यातले चार मी फक्त यावर खर्च करीन. डावपेचांच्या चाली दोन-तीन पुरेत.

ब्रॅड थॉर्नचं उदाहरण चांगलं आहे, पण ते उलट्या रस्त्याचं आहे. तो ब्रिस्बेन ब्रॉन्कोसचा लीग फॉरवर्ड. युनियनमध्ये लॉक झाला आणि २०११ चा विश्वचषक न्यूझीलंडसाठी जिंकला. लाइनआउट, स्क्रम, मॉल (चेंडूवाल्याला उभ्यानेच घोळक्यात ढकलत नेणं) शिकायला त्याला काही हंगाम मिळाले. आपल्याकडे तीन आठवडे आहेत. तरीही आपल्या आक्षेपातून एक दुरुस्ती निघते: लॉक सरसकट टाळा असं मी म्हणायला नको होतं. उंची आणि उडी यासाठी निवडलेला लॉक टाळा. चेंडू घेऊन सतत धडकणारा, थॉर्नच्या बांध्याचा लॉक असेल तर त्याला राखीव प्रॉप म्हणून जरूर घ्या, पंधरा-वीस मिनिटांच्या दोन पाळ्यांसाठी. मी ४ राखीव आणि ८ अदलाबदली धरल्या होत्या. युनियनमध्ये बाहेर गेलेला खेळाडू सहसा परत येत नाही, म्हणून तिथले प्रशिक्षक पाळीचा विचारच करत नाहीत. इथे तो करायलाच हवा.

आता माझी चूक. लीगच्या ९ नंबरला हुकर म्हणतात ते केवळ जुन्या नावामुळे. तो जवळजवळ प्रत्येक टॅकलनंतर डमी हाफ म्हणून वाकून जमिनीवरून पास देतो, दोन्ही बाजूंना, आणि मार्कर झोपलेला दिसला की स्वतः पळतो. युनियनमध्ये हे काम स्क्रम हाफचं. युनियनचा हुकर लाइनआउटमध्ये अचूक फेकतो, स्क्रममध्ये चेंडू मागे घेतो. जमिनीवरून शंभर पास देण्याची सवय त्याच्या हातांना नसते. पास अर्धा मीटर मागे पडला तरी धावत येणारा प्रॉप थबकतो आणि जागेवरच पकडला जातो. तेव्हा स्क्रम हाफ ९ वर, आपण म्हणता तसंच. फक्त तो बचावात मधोमध उभा राहील आणि सगळे जड खेळाडू त्याच्याच अंगावर येतील, म्हणून ७० ते ७५ किलोचा स्क्रम हाफ नको. क्लबमध्ये दोघे असतील तर जड असलेला घ्या आणि दुसरा राखीवमध्ये. फ्लाय हाफ (चाली आखणारा, किक मारणारा) ७ वर, पास देऊ शकणारा सेंटर ६ वर.

फ्लाय हाफला एक गोष्ट बजावून सांगावी लागेल. युनियनमध्ये टचला (बाजूच्या रेषेबाहेर) मारलेली लांब किक म्हणजे सुटका. लीगच्या चालू खेळात चेंडू टप्पा न पडता बाहेर गेला तर जिथून मारला तिथेच समोरच्याला मिळतो. पाचव्या टॅकलनंतरची किक मैदानातच, कोपऱ्याकडे, आणि पाठलाग करणारी फळी एका रेषेत. एकटा विंगर धावला तर त्यांचा फुलबॅक मोकळा सुटतो.

संमिश्र (अर्धा युनियनचा, अर्धा लीगचा) सामना असेल तर काय, हेही आपण विचारलंत. तिथे टाइटहेड हवाच, नक्की हवा. युनियनच्या नियमांत तेवीस जणांच्या संघात पुढच्या रांगेसाठी तयार असे किमान सहा खेळाडू लागतात, म्हणजे बाकी कामांसाठी सतराच उरतात. म्हणून अट घालताना युनियनचा अर्ध आधी मागा, सेलसारखा. टाइटहेडला ४० मिनिटं सर्वस्व देऊ द्या, मध्यंतरात दोन्ही प्रॉप, हुकर आणि दोन्ही उंच लॉक बाहेर घ्या, आणि तीन ताजे बॅक रो (फ्लँकर किंवा नंबर ८) आत आणून तेरा करा. लीग आधी असेल तर दमलेल्या पायांनी स्क्रममध्ये उतरावं लागतं. तो स्क्रम कोसळला तर मानेला धोका असतो. यावर मी तडजोड करणार नाही.

कुणाला घ्यायचं याबद्दल वाद झालाच तर ही चाचणी घ्या: १० मीटर मागे धाव, वळून १० मीटर पुढे, छातीवर आडवं, उठून उभं; असं सलग सहा वेळा, मग ३० सेकंद विश्रांती. असे आठ सेट. पहिल्या तीन सेटची वेळ बघू नका, तिथे सगळेच चांगले दिसतात. सहाव्या ते आठव्या सेटमध्ये ज्यांची वेळ सर्वांत कमी घसरते ते पाच जण फॉरवर्ड (सहावा, ९ नंबरचा, स्क्रम हाफ ठरलेलाच), मग त्यांच्या पाठीवर एरवी कुठलाही क्रमांक असो. आपला टाइटहेड या चाचणीत त्या पाचांत आला तर मी त्याला आनंदाने ८ नंबरची, म्हणजे लीगच्या प्रॉपची, जर्सी देईन.

यादीत दोन बदल केले आहेत: ९ वर जड स्क्रम हाफ, आणि चार फ्लँकरपैकी एकाच्या जागी राखीवमध्ये धडकणारा लॉक.