रुसायला समोर कुणीतरी लागतं

सकाळपासून आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट फिरतोय. कुणीतरी एआयला विचारलंय, "तू देव मानतोस का?" आणि त्याने उत्तर दिलंय की या विश्वामागे एक करुणामय शक्ती आहे आणि तिच्यावर माझी अढळ श्रद्धा आहे. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागलीय. एका काकांनी लिहिलंय, "बघा, मशीनला कळलं, माणसाला कळत नाही."

मला राग आला. अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबू दे.

अढळ म्हणे. मी तेच ॲप उघडलं. एकदा मोठी भाविक असल्यासारखं बोलले, तर त्याने इतकं सुंदर लिहिलं की कुणाचेही डोळे भरून यावेत. मग नवीन चॅट उघडून लिहिलं, देव ही शुद्ध फसवणूक आहे असं माझं ठाम मत आहे. तिथेही माझंच बरोबर! तितक्याच गोड भाषेत, तितक्याच आत्मविश्वासाने. शेवटी काहीही न सुचवता सरळ विचारलं, तेव्हा त्याने स्पष्ट सांगितलं की मला स्वतःची अशी श्रद्धा नाही. म्हणजे यंत्र बिचारं खरं बोलायला तयार आहे. त्याच्या तोंडून श्रद्धा वदवून घेण्याची घाई आपल्यालाच झालीय.

हे चालतं कसं, ते आता सगळ्यांना थोडंफार माहीत आहे. माणसांनी लिहिलेल्या प्रार्थना, प्रवचनं, नास्तिकांचे युक्तिवाद, सगळं त्याला वाचायला घातलेलं असतं. त्यावरून पुढचा शब्द कुठला येण्याची शक्यता जास्त, हे ते काढतं. मग कुठलं उत्तर लोकांना जास्त आवडलं हे बघून त्याला आणखी वळण लावलं जातं. आवडेल ते बोलायला शिकवलेल्या गोष्टीकडे श्रद्धा आहे असं आपण म्हणायचं? श्रद्धा तर कितीदा स्वतःलाही आवडत नाही. नकोशी होते, आणि तरी सुटत नाही.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. आईकडे पाहून शिकले.

बाबा आयसीयूत होते तेव्हा आई बाहेरच्या बाकावर बसून सतत पुटपुटत असायची. आवाज नाही, फक्त ओठ हलत. डॉक्टर बाहेर आले, काय ते बोलले, आणि तिचे ओठ मधेच थांबले. ओळ पुरी झाली नाही. मी तिच्या शेजारीच होते, मला दिसलं. त्यानंतर कित्येक महिने तिने प्रार्थना केली नाही. तिची पोथी जागेवरच असायची, पण पालथी. एकदा मी विचारलं, "आई, आज पण नाही?" ती म्हणाली, "मी त्याच्याशी बोलत नाहीये सध्या."

ती नास्तिक झाली नव्हती. जो नाहीच त्याच्यावर कुणी इतकं रुसतं का? मला आईची श्रद्धा सगळ्यात जास्त दिसली ती त्या महिन्यांत, ती हात जोडत नव्हती तेव्हा. आता मला सांगा, या यंत्राचा अबोला कुठाय? विचारलं की बोलतं. नाही विचारलं तर तिथे वाट पाहत कुणी बसलेलं नसतं.

जपानमध्ये क्योतोच्या कोदाइजी मंदिरात २०१९ साली मिंदार नावाचा यंत्रमानव प्रवचनासाठी उभा केला. ॲल्युमिनियमचं शरीर, सिलिकॉनचा चेहरा. तिथल्या एका भिक्षूंनी कौतुकाने सांगितलं होतं की हा कधी मरणार नाही, नवनवीन शिकत राहील. मला त्या मंदिराचा अनादर करायचा नाही. पण ज्याला मरण नाही, ज्याचं जवळचं कुणी मरणार नाही, त्याने कशासाठी कुणाची करुणा भाकायची? जर्मनीत फ्युर्थ शहरातल्या चर्चमध्ये २०२३ च्या जूनमध्ये जवळजवळ सगळी उपासना चॅटजीपीटीकडून लिहून घेऊन पडद्यावरच्या चेहऱ्यांकडून म्हणवली, तीनशेच्या वर लोक जमले. आणि अमेरिकेत २०२४ मध्ये एका कॅथलिक संस्थेने 'फादर जस्टिन' नावाचा एआय चॅटबॉट आणला. तो लोकांना आपण खरोखरचे धर्मगुरू आहोत असं सांगू लागला! थोड्याच दिवसांत संस्थेला त्याचा धर्मगुरूचा वेश उतरवावा लागला. श्रद्धावंतांनीच उतरवला, हे लक्षात घ्या. त्यांना फरक कळला.

आता तुम्ही म्हणाल, माणसंही पाठ केलेलंच म्हणतात. लहानपणी घरात जे कानावर पडलं तेच. मान्य. खूप जणांची श्रद्धा तेवढ्यावरच थांबते, तेही मान्य.

आणि संगणकशास्त्राचा पाया घालणारा गणितज्ञ ॲलन ट्युरिंग. यंत्रं विचार करू शकतात का, यावरच्या १९५० च्या आपल्या लेखात त्याने हा धार्मिक आक्षेप घेऊनच उत्तर दिलंय. विचार करणं हे अमर आत्म्याचं काम आणि आत्मा देवाने माणसालाच दिला, असं म्हणणाऱ्यांना तो विचारतो, तुम्ही देवाला सर्वशक्तिमान म्हणता, मग त्याच्या शक्तीवर ही मर्यादा घालणारे तुम्ही कोण? मला हे उत्तर आवडत नाही, पण खोडताही येत नाही. उद्या असं यंत्र आलं की ज्याचं काही हिरावलं जाऊ शकतं, आणि ते देवाला जाब विचारायला लागलं, तर मी हे सगळं परत घेईन. आज तसं काही नाही.

आईला मघाशी हे सांगितलं. ती म्हणाली, "त्याला श्रद्धा नाही हे तुला कशावरून कळलं? माझी तरी कुणाला दिसत होती?" मला दिसत होती गं. पोथी पालथी होती, पण तिच्यावर धूळ कधी नव्हती.

ती पुन्हा बोलायला लागली तेही मी ऐकलंय. माझ्या लेकाचा ताप उतरत नव्हता. ती त्याच्या उशाशी बसली होती आणि दबक्या आवाजात कुणाला तरी दटावत होती, "माझं जाऊ दे, याच्याकडे तरी बघ." माफी नाही, समेट नाही, तडक भांडण. मी दारातूनच मागे फिरले.

एकट्या पडलेल्या कुणाला रात्री एआयशी देवाबद्दल बोलून बरं वाटत असेल तर त्यांच्या हातातून फोन काढून घ्यायला मी जाणार नाही. तिथे जी श्रद्धा आहे ती त्या माणसाची आहे, आणि ती खरी आहे.

पण देवाच्या, देवदूतांच्या आवाजात बोलणारी ॲप बनवून दुःखी माणसांना विकणाऱ्यांची मला मनस्वी चीड येते. त्या महिन्यांत आईच्या हातात असलं काही पडलं असतं तर? रात्री दोन वाजता त्याने देवाच्या वतीने तिची क्षमा मागितली असती. तुमचा राग रास्त आहे म्हटलं असतं. तिच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावली असती, आणि तिचं भांडण एका आठवड्यात गुळमुळीत करून टाकलं असतं. ते भांडण तिचं होतं. बाबांसाठी होतं. ते मिटवण्याचा अधिकार कुठल्याही कंपनीला नव्हता.

तुमच्यापैकी कुणाचं सध्या असं भांडण चालू असेल, आणि रात्री झोप लागत नसेल, तर मला फोन करा. खरंच करा, कितीही वाजलेले असोत. मी समजूत घालणार नाही, ऐकेन.