तुम्ही केंद्राचे की राज्याचे?

सरकारी कचेरीत जाताना आपण भांडणाची तयारी करून जातो. "मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात" इथपासून "लिहून द्या तसं" इथपर्यंतची वाक्यं रिक्षातच घोटून झालेली असतात. जीएसटी सेवा केंद्रात ही सगळी तयारी वाया जाते. तिथला माणूस चक्क "बसा" म्हणतो. पाणी विचारतो. ज्याच्या घरचं पाणी प्यायलं त्याच्याशी निदान त्या दिवशी तरी भांडायचं नाही, अशी आमच्या सासूबाईंची शिकवण. त्यामुळे त्यांचा अर्धा राग त्या प्लॅस्टिकच्या ग्लासात गेला आणि उरलेला घरी परत आणावा लागला. तो कोणाच्या वाट्याला आला हे सांगायला नको.

मुळात आम्ही तिथे गेलो कशाला, तर बेळगावमुळे.

सासूबाई लोणची घालतात. कैरीचं, लिंबाचं, माईनमुळ्याचं. जोडीला पापड आणि चकलीची भाजणी. आजवर हे सगळं ओळखीपाळखीत आणि शेजारच्या सोसायट्यांत खपत होतं. माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात नोंदणीची सक्ती नाही. आमची उलाढाल 40 लाखांच्या इतकी आत आहे की तिथून ते 40 लाख दिसतही नाहीत. सगळं सुखात चाललेलं असताना बेळगावच्या एका महिला मंडळाला आमचं लोणचं आवडलं आणि त्यांनी श्रावणासाठी ऑर्डर दिली.

आता कायदा असा, की करपात्र माल राज्याबाहेर विकायचा असेल तर उलाढाल कितीही किरकोळ असो, नोंदणी हवीच. म्हणजे मिरजेला टेम्पो भरून लोणचं पाठवा, कोणी हटकणार नाही. बेळगावला एक बरणी विकायची तर आधी 15 अक्षरी नंबर घ्या. सीमाप्रश्नावर इतकी भाषणं झाली, पण लोणच्याचा मुद्दा कोणी मांडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पापडाला करच नाही, त्यामुळे पापड बेळगावात ताठ मानेने जातो. लोणच्यावर मात्र कर आहे. आधी 12 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के झाला. "कमी झाला ना? मग आता कशाला नोंदणी?" हा सासूबाईंचा युक्तिवाद. मला तो अजूनही खोडता आलेला नाही.

अर्ज नवऱ्याने घरीच भरला. अर्जाला जागेचा पुरावा लागतो आणि आमचं वीजबिल सासऱ्यांच्या नावावर. म्हणून मालकाचं संमतीपत्र जोडायचं. सासऱ्यांनी चष्मा लावून, स्वच्छ अक्षरात लिहिलं, "माझ्या मालकीच्या जागेत सदर व्यक्तीने व्यवसाय करण्यास माझी कोणतीही हरकत नाही." सदर व्यक्ती त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. ती म्हणाली, "हरकत घेऊन तर बघा."

घरच्या स्वयंपाकघरात कसला धंदा, असं कोणी विचारेल म्हणून मी आणखी एक कागद छापून पिशवीत ठेवला होता. नको ते कागद मागू नका, अंदाजपंचे शंका काढून अर्जदाराला अडवू नका, अशी लेखी सूचना खुद्द केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने 17 एप्रिल 2025 रोजी आपल्या अधिकाऱ्यांना दिलेली आहे. मी त्यातल्या ओळी पिवळ्या पेनने रंगवल्याही होत्या. कोणी काही विचारलंच नाही. कागद पिशवीत तसाच राहिला, त्यावर नंतर कोथिंबीर निवडली.

अर्ज गेला आणि मेल आला. काही अर्जदारांचं काम आधारच्या ओटीपीवर घरबसल्या भागतं. काहींना मात्र संगणक निवडून बोटांचे ठसे द्यायला सेवा केंद्रात बोलावतो. तो ही निवड माहितीचं विश्लेषण करून, धोक्याचे निकष लावून करतो. त्या निकषांत सासूबाई सापडल्या. घरात क्षणभर शांतता पसरली. मी सून आहे, त्यामुळे संगणकाच्या बुद्धिमत्तेबद्दल मी त्या दिवशी काहीही बोलले नाही. सासरे मात्र "इतक्या लवकर कळलं त्याला?" असं म्हणून गॅलरीत गेले.

वेळ ठरवायची, मेलची प्रत घ्यायची, मूळ आधार, मूळ पॅन, अर्जाला जोडलेल्या कागदांच्या मूळ प्रती घ्यायच्या आणि जायचं. पण कुठे? पुण्यात जीएसटी भवन नावाच्या दोन इमारती आहेत. एक येरवड्याला विमानतळाच्या रस्त्यावर, ती राज्याची. दुसरी ससून रोडला वाडिया कॉलेजसमोर, ती केंद्राची. रिक्षावाल्याला "जीएसटी भवन" एवढंच सांगून भागत नाही. एकाने तर "कुठलं?" असं विचारून आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की करचुकवे आम्हीच. यांतल्या कुठल्या इमारतीत काय घडलं, का तिसरीकडेच कुठे घडलं, हे मी सांगणार नाही. आम्हाला अजून रिटर्न भरायचीत.

सेवा केंद्रात शिरल्या शिरल्या पहिला प्रश्न येतो, "तुम्ही केंद्राचे की राज्याचे?" लग्नाच्या मांडवात कोणी "मुलाकडचे की मुलीकडचे?" विचारावं आणि आपल्याला खरंच ठाऊक नसावं, तशी गत होते. जीएसटी एकच, पोर्टल एकच, पण करदाते दोघांत वाटलेले आहेत. दीड कोटीच्या आतल्या उलाढालीचे 90 टक्के राज्याकडे, 10 टक्के केंद्राकडे, आणि दीड कोटीच्या वरचे निम्मे निम्मे. कोण कोणाच्या वाट्याला जाणार हे संगणक ठरवतो. आपण कोणाचे आहोत हे मेलमध्ये अधिकारक्षेत्र म्हणून लिहिलेलं असतं, पण नेमकं तेवढंच आम्ही वाचलं नव्हतं. समोरच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ, हार्डवेअरचे व्यापारी असावेत, मोठ्या अभिमानाने म्हणाले, "आम्ही केंद्राचे." त्यावर सासूबाईंनी पदर सावरला आणि मला हळूच विचारलं, "आपण कोण गं?"

आमच्या आधी एक तरुण काउंटरशी बोलत होता. केंद्राच्या पाटीवर सीमाशुल्कही लिहिलेलं असतं, म्हणून तोही आत आला होता. बहिणीने परदेशातून राखी पाठवलेली, सोबत चॉकलेटचा डबा, आणि पार्सल अडकलेलं. काउंटरवरच्या मुलाने त्याला जे समजावून सांगितलं ते ऐकून आम्ही सगळ्यांनीच कान टवकारले. परदेशातून भेट म्हणून येणाऱ्या वस्तूंना डिसेंबर 2019 पासून शुल्कमाफी नाही. अपवाद दोनच, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. आणि त्या नियमात कंसात स्पष्ट लिहिलेलं आहे, की राखी म्हणजे नुसती राखी, राखीसोबतच्या भेटवस्तू नव्हेत. त्या भेटवस्तू पूर्ण शुल्क भरून खुशाल न्या. बहिणीच्या मायेतला करमुक्त भाग कोणता आणि करपात्र कोणता, याचा इतका बारीक विचार भावांनीही कधी केला नसेल. पार्सल सोडवायचं ठिकाण वेगळं होतं. मुलाने त्याला पत्ता लिहून दिला. तो बिचारा आभार मानून गेला, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा ते दिसलं: त्यालाही भांडायला कोणी मिळालं नव्हतं.

मग आमची पाळी. कागद जुळले. आधार जुळलं. "आजी, इथे अंगठा ठेवा," मुलगा म्हणाला.

"आजी नाही," सासूबाई म्हणाल्या, "प्रोप्रायटर."

"प्रोप्रायटर, इथे अंगठा ठेवा."

अंगठा ठेवला. यंत्राची काच लाल झाली, विचारात पडली आणि नाही म्हणाली. मुलाने खिशातला रुमाल काढून काच पुसली. पुन्हा नाही. उजवी तर्जनी, नाही. मधलं बोट, नाही. ज्या हातांनी वर्षानुवर्षं मोहरी फेसली, लिंबं चिरली, मिठाचे खडे चुरले, त्या बोटांवर रेषा राहणार कुठून? "हात धुऊन या," झालं. "जरा दाबून ठेवा," झालं. मग मुलाने या देशातल्या तमाम आधारवाल्यांचा शेवटचा उपाय सांगितला, "बोट कपाळाला घासा, थोडं तेल लागेल." सासूबाईंनी डोक्याला सकाळीच नारळाचं तेल थापलेलं. त्यांनी बोट थेट भांगात फिरवलं. आता काच इतकी तेलकट झाली की हार्डवेअरवाले गृहस्थ उठून आपला रुमाल द्यायला आले. ते केंद्राचे, आम्ही कोण ते अजून कळायचं होतं, पण अशा वेळी माणूस हे बघत नाही.

अखेर डाव्या हाताची अनामिका चालली. "हे बोट मी कामाला लावतच नाही," सासूबाई म्हणाल्या. अनामिकेच्या आळशीपणामुळे आमचं काम झालं, आणि स्क्रीनवर अर्जाचा संदर्भ क्रमांक उमटला. त्याला तिथे एआरएन म्हणतात. त्याच्या आधी जो मिळतो तो टीआरएन, म्हणजे तात्पुरता. तात्पुरता नंबर 15 दिवसांत विझतो. या दोघांत गफलत करणाऱ्याकडे सेवा केंद्रात ज्या करुणेने बघतात, ती करुणा बघण्यासारखी असते.

निघताना सासूबाईंनी अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "भाजणीवर किती कर हो? ते पीठ धरायचं की पदार्थ?"

मुलाने कॉम्प्युटरकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. मग अत्यंत प्रामाणिकपणे म्हणाला, "मी काही सांगितलं तर ते कायद्यात धरत नाहीत. नक्की उत्तर हवं असेल तर अॅडव्हान्स रूलिंगला अर्ज करा." म्हणजे कराचा निर्णय त्यासाठीच्या प्राधिकरणाकडून आधीच लेखी मागून घ्यायचा. त्याची फी केंद्राच्या कायद्याखाली 5 हजार आणि राज्याच्या कायद्याखाली 5 हजार. शिवाय मिळेल ते उत्तर फक्त आपल्यापुरतं आणि आपल्या अधिकाऱ्यापुरतं. शेजारणीच्या भाजणीला ते लागू नाही. हे ऐकून सासूबाईंना, का कोण जाणे, बरं वाटलं. पण या प्राधिकरणांचंही काही सांगता येत नाही. 2020 मध्ये कर्नाटकातल्या प्राधिकरणाने पराठा म्हणजे चपाती नव्हे असा निर्वाळा देऊन पराठ्याला 18 टक्क्यांत बसवलं होतं, तेव्हा चपाती 5 टक्क्यांत होती. 22 सप्टेंबर 2025 ला दोन्हींचा कर शून्य झाला आणि वाद मिटला. आम्ही भाजणीचा प्रश्न तूर्त मिटलेला धरून बेळगावच्या यादीतून तिला वगळलं.

पुढे नंबर आला. सुरुवातीचे 27 म्हणजे महाराष्ट्र, मग सासूबाईंचा पॅन, मग राज्यात त्या पॅनवरची ही पहिलीच नोंदणी म्हणून 1, मग झेड, मग तपासणीचा एक आकडा. "झेड कशासाठी?" सासऱ्यांनी विचारलं. कशासाठीच नाही, ते अक्षर सगळ्यांच्या नंबरात नुसतं बसलेलं असतं, असं नवऱ्याने सांगितलं. सासरे बराच वेळ त्या झेडकडे आपुलकीने बघत होते. आणि प्रमाणपत्रात आम्ही कोण निघालो? राज्याचे. "मग ते हार्डवेअरवाले कशाला एवढे ताठ?" सासूबाई म्हणाल्या.

नंबर आला तेव्हा कैरी बरणीत पडून काहीच दिवस झाले होते. लोणचं मुरतंय, विक्री शून्य. पण शून्य विकलं तरी तसं पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत सरकारला कळवावं लागतं, नाहीतर दिवसाला 20 रुपये विलंब शुल्क. "न विकल्याचे पैसे?" सासूबाई म्हणाल्या. न विकल्याचे नव्हेत, न सांगितल्याचे, हे मी समजावलं. त्यांना ते पटलं, कारण घरातही त्यांचा हाच कायदा आहे. शून्याचं रिटर्न नुसत्या एसएमएसने 14409 ला पाठवता येतं. उत्तरादाखल सहा आकडी कोड येतो आणि तो परत पाठवला की झालं. हे सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने, अनामिकेने केलं. आणि मग लगेच बेळगावला फोन लावला.

"हो, तयार होईल आता. पण ऐका, मागच्या महिन्याचं मी सरकारला शून्य म्हणून कळवलंय. या महिन्यात माल उचला बाई, पुन्हा शून्य लिहायला मला आवडणार नाही."