पहिल्या छायाचित्रावर हसणाऱ्यांसाठी

आज सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटात भाच्याने दोन छायाचित्रे टाकली. पहिल्यात त्याने स्वतः भिंतीवर बसवलेली पुस्तकांची फळी एका बाजूला चांगलीच कललेली होती आणि दुसऱ्यात तीच फळी सरळ होती. मंडळी हसली ती फक्त पहिल्यावर. एका ज्येष्ठ काकांनी लिहिले, "मिस्त्री बोलवायचा ना बावा, इंजिनिअरिंगला काय यासाठी घातलं का?" त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. दुपारपर्यंत पोराने दोन्ही छायाचित्रे काढून टाकली होती. काका हे वाचणार आहेत याची मला कल्पना आहे. त्यांनी वाचावे म्हणूनच लिहितो आहे.

पहिल्या आणि दुसऱ्या छायाचित्राच्या मध्ये काय घडले हे कोणीच विचारले नाही, म्हणून मी त्याला फोन करून विचारले. जुन्या घराचे प्लास्टर भुसभुशीत असल्यामुळे ड्रिलचे टोक सुरुवातीलाच घसरले, भोक मोठे झाले आणि स्क्रूला पकड मिळावी म्हणून त्यात बसवलेली प्लास्टिकची गिट्टी स्क्रूबरोबर गोल फिरू लागली. फळीचे वजन पडताच तो कोपरा खाली आला. मग त्याने सगळे उतरवले, पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी काढतात तशी दोन्ही टोकांची पातळी काढली, खिळ्याने आधी खूण ठोकली, आठऐवजी दहा मिलिमीटरची गिट्टी घेतली आणि भोक प्लास्टरच्या पलीकडे थेट विटेत जाईल इतके खोल पाडले. उरलेली जागा पुट्टीने बुजवली. विशीच्या आतल्या मुलाने बिघाडाचे कारण शोधून स्वतः दुरुस्ती केली, आणि आपण काय केले, तर हसलो.

मला लगेच आईची भिंत आठवली. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात गच्चीखालच्या खोलीची एक भिंत दर पावसाळ्यात ओल धरत असे. बाबा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात आईने ती स्वतः दुरुस्त करायला घेतली. फुगलेला रंग पत्तीने खरवडला, पॉलिश पेपर मारला, प्रायमर, पुट्टीचे दोन हात आणि वर फिकट पिवळा रंग. भिंत देखणी झाली. पोळ्यापर्यंत त्या पिवळ्या रंगाला फोड आले आणि दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक पाहायला घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने, चिवडा खाता खाता, त्या भिंतीकडे बोट दाखवून आईला कारागीर लावण्याचा सल्ला दिला.

आता गंमत ऐका. त्याच्या आधीच्या वर्षी याच भिंतीवर पैसे देऊन रंगारी लावला होता. त्यानेही ओल कुठून येते हे न पाहता वरूनच रंग चोपडला होता आणि तो रंगही असाच फुगला होता, पण तेव्हा कोणी बोट दाखवले नाही. तेव्हा म्हणे पाऊसच फार झाला होता. पैसे घेऊन केलेल्या चुकीला पाऊस जबाबदार आणि बाईने स्वतः केलेल्या चुकीला बाई जबाबदार, हा न्याय आपल्या घराघरांत चालतो. मला त्याचा आजही संताप येतो.

आईने मात्र वाद घातला नाही. पावसाळा सरून भिंत कोरडी होईपर्यंत ती थांबली आणि मग तिने बादली घेतली. एके दिवशी फक्त छज्ज्यावर पाणी ओतले आणि भिंत पाहिली, काही नाही. भिंत तशीच कोरडी असल्याची खात्री करून पुढच्या वेळी गच्चीच्या मधल्या भागावर ओतले. तरी काही नाही. शेवटी कठड्याच्या कडेला, जिथे गच्ची आणि कठड्याची भिंत मिळते तिथे, पाणी साचवून ठेवले, तेव्हा खाली ओलीचा डाग उमटला. तो कुठवर पसरतो हे कळावे म्हणून तिने त्याच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढून ठेवली होती. त्या सांध्यावर सिमेंटचा जो गोलसर थर घालतात, ज्याला वाटा म्हणतात, तो जागोजागी सुटला होता आणि गच्चीचा ढाळही तिथे उलटा, कठड्याकडेच होता. पाणी वरून आत शिरत होते आणि आपण सगळे खालून रंग लावत होतो.

इथे काहीजण म्हणतील की गवंड्याने हे पाच मिनिटांत सांगितले असते. चांगल्या गवंड्याने सांगितले असते, मान्य.

पुढच्या मे महिन्यात तिने जुना वाटा छिन्नीने काढला, सांधा झाडून घेतला, कन्हान नदीची रेती चाळून एकास चार प्रमाणात मसाला कालवला, त्यात वॉटरप्रूफिंगचे द्रावण घातले आणि नवा वाटा थापीने ओढला. तोही दुसऱ्या दिवशी सकाळी बारीक बारीक भेगाळला. कारण तिने तो भर दुपारी घातला होता. नागपुरात मे महिन्यात पारा अनेकदा पंचेचाळिशी ओलांडतो आणि गच्ची तव्यासारखी तापते. सिमेंट वाळून घट्ट होते असा आपला समज असतो; प्रत्यक्षात ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने घट्ट होते, आणि ती क्रिया पुरी होण्याआधीच पाणी उडून गेले तर मसाला आकसतो आणि तडकतो. हे तिने पुस्तकात वाचले नव्हते. कोपऱ्यावर चाललेल्या एका बांधकामावर जाऊन तिने तिथल्या मिस्त्रीला विचारले आणि त्याने मोठ्या प्रेमाने सांगितले. तो हसला नाही, याची नोंद आमच्या गटाने घ्यावी.

तिने तो तडकलेला वाटा पुन्हा फोडला. या वेळी ऊन उतरल्यावर काम सुरू केले, सांधा आधी भिजवून घेतला, वाटा ओढला, त्यावर ओले गोणपाट अंथरले आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारले. खालची भिंत तिने त्या वर्षी रंगवलीच नाही. पाऊस आला, गेला, पेन्सिलीच्या रेघेच्या आत काही उमटले नाही, तेव्हा कुठे दिवाळीआधी तिने पुट्टीचा डबा उघडला. त्या भिंतीवर एक पूर्ण पावसाळा पेन्सिलीची रेघ आणि उघडे प्लास्टर होते आणि तिला त्याची जराही लाज वाटत नव्हती. उलट आलेल्या-गेलेल्याला ती ती रेघ दाखवत असे. हे लिहिताना माझा राग थोडा निवळला आहे.

विजेच्या कामाबाबत मात्र मी हट्ट धरणार नाही. कुलरला हात लावून शॉक बसल्याने माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. कुलरच्या ताट्या, म्हणजे बाजूच्या गवती जाळ्या, जरूर स्वतः बदला, पण पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लगही काढा, आणि अर्थिंग आहे की नाही हे जाणकाराकडूनच तपासून घ्या. तसेच बीम-कॉलमला पडलेली भेग पुट्टीने झाकण्याचा उद्योग कोणी करू नये. पण फळी, नळाचा वॉशर, दाराची घासणारी चौकट, खिडकीची जाळी, भिंतीचा रंग? यांत चुकले तर फार तर एक भोक बुजवावे लागते किंवा एक रविवार जातो.

दुसरा आक्षेपही येईलच की सगळे स्वतः करू लागलात तर कारागिरांनी खायचे काय. प्रश्न रास्त आहे, पण तो विचारणाऱ्यांनी आपण गवंड्याशी रोजीवरून कसे भांडतो हेही एकदा सांगावे. ज्याने थापी कधी हातात धरली नाही त्याला वाटा ओढणे म्हणजे चिखल फासणे वाटते आणि म्हणून त्याला मागितलेला दर नेहमी जास्तच वाटतो. आईच्या गच्चीचा उलटा ढाळ सुधारणे तिच्या हातचे नव्हते. ते पूर्ण कोब्याचे, म्हणजे गच्चीवर नवा थर घालण्याचे, काम होते आणि त्यासाठी तिने गवंडी लावला. त्याने काम संपवून गच्चीवर बादली ओतली, पाणी सरळ नळीकडे धावत गेलेले तिला दाखवले आणि तिने त्याने सांगितलेली रक्कम एक रुपयाही न घासता हातावर ठेवली.

त्यावरही नातेवाइकांनी नावे ठेवलीच. स्वतः केले तेव्हा ती चिक्कू होती आणि पुरे पैसे मोजले तेव्हा भोळी.