बेकेट वेदीसमोर मारला गेला नाही

२९ डिसेंबर जवळ आला की एक मेसेज फिरायला लागतो. सार असं: इंग्लंडमधल्या कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट हा गरीब सॅक्सन (म्हणजे नॉर्मनांनी जिंकलेल्या मूळच्या इंग्रज) घरातला साधू. नॉर्मन राजा दुसरा हेन्री याच्याविरुद्ध तो जनतेसाठी लढला. 'या उपद्रवी पाद्र्यापासून मला कोणी सोडवेल का?' असं म्हणत राजाने चार सरदारांना हुकूम सोडला, त्यांनी वेदीसमोर प्रार्थनेत असताना त्याला मारलं, आणि त्याची समाधी कँटरबरीत आजही आहे. यातली हत्येची तारीख (२९ डिसेंबर) आणि गाव बरोबर आहे. बाकीचं एकेक बघू.

सॅक्सन? जन्म लंडनमधला, चीपसाइडचा, पण आईवडील दोघंही नॉर्मंडीकडचे, म्हणजे नॉर्मनच. वडील खाऊनपिऊन सुखी व्यापारी. हे सॅक्सनपण १९व्या शतकातल्या इतिहासलेखनाने त्याला चिकटवलं आणि पुढे नाटक-सिनेमाने पक्कं केलं.

साधू तर मुळीच नाही. ७ वर्षं तो हेन्रीचाच चॅन्सेलर, म्हणजे राजाच्या कारभारातला बडा अधिकारी होता, तोही थाटामाटात राहणारा. ११५९च्या तुलूझ मोहिमेत स्वतःचे सातशे घोडेस्वार घेऊन गेला होता म्हणतात. २ जून ११६२ ला त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी तो आर्चबिशप झाला!

'जनतेसाठी लढला' हे तर फारच सैल विधान. भांडण होतं ते गुन्हेगार पाद्र्यांवरून. पाद्र्याने खून केला तरी खटला चर्चच्या कोर्टात चाले, आणि ते कोर्ट देहदंड देत नसे. फार तर पाद्रीपण काढून घेई. हेन्रीचं म्हणणं, मग पुढची शिक्षा माझं कोर्ट देईल. बेकेटचं म्हणणं, एका गुन्ह्याला दोन शिक्षा नकोत. ११६४ मध्ये क्लॅरेंडनला राजाने १६ कलमं पुढे ठेवली. बेकेटने आधी तोंडी मान्यता दिली, मग फिरवली. आज वाचताना निदान या मुद्द्यावर मला तरी राजाचंच जास्त पटतं.

आता ते सुप्रसिद्ध वाक्य. ते १८व्या शतकातलं आहे. हत्येच्या वेळी हजर असलेल्या एडवर्ड ग्रिमने नोंदवलेले राजाचे उद्गार साधारण असे: माझ्या घरात मी कसले नालायक आणि फितूर पोसले, की एक हलक्या कुळातला पाद्री धन्याची अशी विटंबना करतो आणि ते बघत बसतात! आपल्याकडे निदान 'ध'चा 'मा' करायला कागद तरी होता. इथे नुसता संताप होता. म्हणून हेन्री सुटतो असं नाही. ११७२ मध्ये नॉर्मंडीतल्या आव्राँश इथे त्याने शपथेवर सांगितलं, की मी हुकूम दिला नाही, पण माझ्या बोलण्यामुळे हे घडलं असेल.

आणि वेदी? सरदार आधी बेकेटच्या दालनात येऊन तावातावाने भांडले, मग शस्त्रं चढवून परतले. मठवासीयांनी त्याला ओढतच कॅथीड्रलमध्ये नेलं. संध्याकाळची प्रार्थना चालू होती. दार बंद करू लागले तर त्यानेच थांबवलं: चर्चचा किल्ला करायचा नाही. कॅथीड्रलच्याच उत्तरेकडच्या बाजूच्या दालनात चौघांपैकी रेजिनाल्ड फिट्झअर्सने त्याला बाहेर खेचायला हात घातला, तेव्हा या 'प्रार्थनामग्न' संताने त्याला झिडकारून भडवा म्हटलं. पहिल्या वाराने ग्रिमचा हातही चिरला. शेवटच्या वाराला रिचर्ड ल ब्रेताँची तलवार फरशीवर आपटून मोडली. ह्यू द मोर्व्हिलने वारच केला नाही, तो गर्दी थोपवत होता. कवटीतला मेंदू फरशीवर पसरणारा ह्यू वेगळा, त्यांच्याबरोबर आलेला एक पाद्री.

राहिली समाधी. ती आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये उद्ध्वस्त करवली. त्या जागी आता मोकळी फरशी आहे आणि तिच्यावर तेवत ठेवलेली एक मेणबत्ती.