पिण्याजोगे पाणी म्हणजे सलाईन नव्हे

सध्या फिरणारा दावा असा आहे: अंतराळस्थानकावरील पुनर्वापराचे पाणी नळाच्या पाण्याहून शुद्ध असते, ते उकळून त्यात लिटरला 9 ग्रॅम मीठ घातले की सलाईन तयार होते, नासाने 2010 मध्ये हे सिद्ध केले आहे आणि म्हणून मंगळमोहिमेत सलाईनच्या पिशव्या नेण्याची गरज उरलेली नाही.

शुद्धतेचा मुद्दा दिशाभूल करणारा आहे. ते पाणी पिण्यासाठी उत्तम आहे, पण पिण्याच्या पाण्याचे निकष मोजके जिवाणू आणि जंतुनाशकाचा अंश चालवून घेतात, कारण प्यायलेले पाणी जठरातील आम्ल, आतड्याचे अस्तर आणि यकृत यांना ओलांडूनच रक्तापर्यंत पोहोचते. शिरेतून दिलेल्या द्रवाला यांपैकी एकही अडसर लागत नाही.

उकळण्याचा सल्ला तर सर्वांत घातक आहे. काही प्रकारचे जिवाणू मेले, तरी त्यांच्या बाह्य आवरणाचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, पाण्यात शिल्लक राहतात आणि रक्तात शिरल्यास थंडी वाजून ताप येणे, रक्तदाब कोसळणे असे परिणाम घडवतात. 100 अंश सेल्सिअसला ते टिकतातच, शिवाय ऑटोक्लेव्ह या निर्जंतुकीकरणाच्या यंत्रातील 121 अंशांच्या वाफेलाही ते सहसा दाद देत नाहीत. काचसामान त्यांपासून मुक्त करण्यासाठी सुमारे 250 अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते, आणि ती पाण्याला देता येत नाही. जिवाणू अडवणाऱ्या 0.2 मायक्रॉनच्या गाळणीतूनही हे तुकडे निसटू शकतात. म्हणजे जंतू मारणे पुरेसे नाही. ते पाण्यात आधी वाढू न देणे आणि त्यांचे अवशेष वेगळे काढणे, हे खरे काम आहे.

मिठाचे प्रमाण लिटरला 9 ग्रॅम, हे बरोबर आहे. मात्र भारहीन अवस्थेत साधा तराजू निरुपयोगी ठरतो, दाट द्रावण आपोआप खाली बसत नाही किंवा पसरत नाही, आणि हवेचे बुडबुडे वर येऊन फुटण्याऐवजी द्रवातच अडकून राहतात. शिरेत हवा जाणे किती धोक्याचे आहे, हे कोणतीही परिचारिका सांगेल.

नासाचा प्रयोग खरा आहे, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. त्यात स्थानकावरील पिण्याचे पाणी क्षार काढून टाकणाऱ्या रेझिनमधून आणि निर्जंतुक करणाऱ्या गाळणीतून नेले, आधीच मोजून भरलेल्या औषधी प्रतीच्या मिठाच्या पिशवीत सोडले आणि चुंबकीय ढवळणीने मिसळले. तयार द्रव तपासणीसाठी पृथ्वीवर आणला. तो कोणाही अंतराळवीराला टोचला नाही. उकळणे या प्रक्रियेत कुठेच नव्हते.

राहिला पिशव्यांचा प्रश्न. सलाईनची मुदत साधारणपणे दोनेक वर्षांची, तर मंगळाची जा-ये सुमारे तीन वर्षांची. त्यामुळे वाटेतच द्रव तयार करण्याची कल्पना रास्त आहे. तरीही रेझिन, गाळण्या, निर्जंतुक पिशव्या आणि मीठ बरोबर न्यावेच लागते. शिवाय 70 किलो वजनाच्या माणसाची 40 टक्के त्वचा भाजली, तर प्रचलित पार्कलंड सूत्रानुसार पहिल्या 24 तासांत 11.2 लिटर द्रव लागतो, त्यातला निम्मा भाजल्यापासूनच्या पहिल्या आठ तासांत (तोही शक्यतो रिंगर लॅक्टेट, ज्यात मिठाखेरीज पोटॅशियम, कॅल्शियम आणि लॅक्टेट असते). यंत्र सुरू करून, द्रव गाळून आणि तपासून हाती येईपर्यंत रुग्णाला जो द्रव द्यायचा, तो आधीपासून भरून ठेवलेल्या पिशव्यांतूनच येणार.